शांताच्या ओसरीवर बसलेली मी

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा हसते. मी नर्स होते. तीस वर्षं कळमनुरी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर बाळंतपणं केली, वेळी-अवेळी चालत गेले, पण वाटेत भूत कधी भेटलं नाही... कुत्री तेवढी भेटली. त्यात आम्ही ख्रिस्ती. घरात भुताखेतांचा विषय निघाला की आई दटावायची. माझ्या हातून असलं काही लिहून होईल असं मला वाटलं नव्हतं. पण दीड वर्ष झालं, आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या डोंगरकडा गावात चर्चची मंडळी लहान – पंधरा-वीस घरं. शांता आणि मी उपासनेला कायम शेजारी बसायचो. दोघींत एकच गायनपुस्तक. तिला अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा मी ओळ पुटपुटायची आणि ती गायची, कारण माझा आवाज देवानेच सहन करावा असा. तिच्या घरी मी रिकाम्या हाती कधी गेले नाही. माझ्या हातचं लिंबाचं लोणचं तिला फार आवडायचं.

दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे बायकांची प्रार्थना असते. शेवटी ज्या-त्या बाईने आपली विनंती सांगायची – कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन, कुणाच्या पोराची परीक्षा – आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. तिथेच मी माती खाल्ली.

शांताच्या मुलीला, करुणाला, फिट यायच्या. घराबाहेर हे फक्त मला माहीत होतं, कारण गोळ्या मीच नांदेडहून आणून द्यायची. करुणाचं लग्न जमलं होतं. मुलाकडच्यांना आपण स्वतः जाऊन सगळं सांगायचं, असं शांतानं ठरवलं होतं. त्याच्या आदल्या गुरुवारी मी डोळे मिटून, हात जोडून म्हणाले, "करुणाच्या फिटसाठी प्रार्थना करा." कोपऱ्यात पाहुणी म्हणून एक बाई बसली होती. ती मुलाची चुलती, हे मला नंतर कळलं.

लग्न मोडलं. करुणा पुण्याला कामाला गेली आणि घरी यायचीच बंद झाली. शांता माझ्या दारात आली, आतसुद्धा आली नाही. "मी देवाच्या आधी तुला सांगितलं व्हतं, एस्तेर," एवढंच म्हणाली. वर्षभरात ती मुलाकडे राहायला गेली, सेनगाव तालुक्यात साखऱ्याला.

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता, तुम्ही प्रार्थनाच मागितली. मीही तेच धरून बसले. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब नेहमी सांगतात – कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन समेट करा, मग या. बाकीचे मान खाली घालतात आणि भाकर घेतात. मला ते जमेना. ताट आलं की मी शेजारणीकडे सरकवायची. अशी बारा वर्षं गेली.

आणि एक वाक्य रोज भांडी घासताना ओठांवर यायचं. शांता, मी प्रार्थना मागितलीच नव्हती. तुझ्या घरातलं मला सगळ्यांआधी कळतं, हे मला दाखवायचं होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पाळकांना नाही, कुणालाच नाही. फक्त पातेल्यांना सांगितलं.

दीड वर्षापूर्वी कळलं की शांताचं हृदय थकलंय, पाय सुजलेत. नर्सला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शनिवारी सकाळी लोणच्याची बरणी पिशवीत घातली आणि हिंगोलीला गेले. सेनगावची एसटी लागलेलीच होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, येता का?" मी मान हलवली... नाही म्हणून. का, ते सांगता येत नाही... नाही, येतं सांगता. भीती वाटली. तिनं दार लावून घेतलं असतं तर? मी बरणी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. अडीचच्या सुमारास आमच्या गावावरून जाणारी नांदेडची गाडी धरून परत आले, बरणी फडताळात ठेवली आणि घरी सांगितलं की भेट झाली नाही.

सोमवारी फोन वाजला.

"पोहचलीस का बराबर?"

बारा वर्षांनी तो आवाज. मी कशीबशी म्हणाले, "शांता?"

"मंग कोण? परवा निघताना म्हणलीस, पोहचल्यावर फोन करते. दोन दिस झाले, वाट पाहून राहिले मी."

मला वाटलं, ही ग्लानीत बोलतेय. मी विचारलं, ताप आहे का, गोळ्या घेतल्यास का.

"ताप न्हाई अन् काही न्हाई. आयक. तू गेल्यावर मी लई येळ तेच घोळवत बसले. 'मी प्रार्थना मागितलीच नव्हती, मला सगळ्यांआधी कळतं हे दाखवायचं व्हतं,' म्हणलीस ना... तेवढंच आयकायला मी बारा वर्सं थांबले व्हते गं. हेतू चांगला व्हता म्हणली असतीस, तर उठून आत गेले असते."

मी जमिनीवरच बसले.

"आता काहून रडून राहिलीस? दिली ना माफी. मनापासून दिली. फकस्त हात हलवत आलीस तू. लोणचं तरी आणायचं."

बरणी समोर फडताळात होती. 'मी आलेच नव्हते' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं ते, "व्हय. पुढच्या वेळी आणते."

गुरुवारी शांता गेली.

साखऱ्याला मातीला गेले. तिच्या मुलाचं लग्न ते तिकडे गेल्यावर झालेलं, त्यामुळे सून वनिता आणि मी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. दारातली इतकी माणसं सोडून ती सरळ माझ्याकडे आली. "मावशी, बरं झालं त्या दिवशी येऊन गेलात."

मी विचारलं, "किती वाजता आले होते गं मी?" तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असणार.

"एक वाजला आसंल. इथंच ओसरीवर बसला व्हता. मी चहा दिला, तर पिऊन झाल्यावर कप स्वताच विसळून पालथा घातला तुमी. आईनं तुमचा हात धरला तो तुमी निघेपर्यंत सोडला न्हाई."

कप विसळून पालथा घालायची सवय माझीच, दवाखान्यातली. घरी सगळे त्यावरून चिडवतात.

माझा मुलगा म्हणतो, आई, तू गेली असशील आणि विसरलीस. पण पिशवीत तिकीट हिंगोलीपर्यंतचंच निघालं. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. ते म्हणाले, प्रभूची कृपा. असेल. वधस्तंभावर आपल्या जागी प्रभू गेला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते असं, माझ्या चपला घालून...? मला याचा उलगडा आजवर झालेला नाही, आणि होईल असंही वाटत नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट आलं तेव्हा मी भाकर घेतली. माफी मिळाली, याबद्दल मला शंका नाही. बरणी मात्र अजून उघडलेली नाही.

पण शांताचा हात त्या दुपारी गार होता की गरम, हे मला सांगता येत नाही. जन्मभर लोकांच्या नाड्या पाहिल्या मी... आणि तिचाच हात राहिला. त्या ओसरीवर बसलेल्या माझाच मला हेवा वाटतो. तिला शांता भेटली.