तिथं पाल असंल का?

२००५ सालच्या मे महिन्यात मी जवळजवळ तीन आठवडे एकच काम करत होतो. ऑफिसातून घरी यायचं, जेवायचं आणि कॉम्प्युटरपुढे बसून मिशिगनमधली कॅम्पग्राउंड बघत राहायचं. जूनअखेर अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच आमच्याकडे ॲन आर्बरला येणार होते. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तालुक्याच्या गावी अण्णा एकटेच राहत होते आणि फोनवर दिवसेंदिवस कमी बोलत होते.

ऑफिसात सोमवारी सकाळी एकच विषय असायचा, कोण कुठे कॅम्पिंगला गेलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक गृहस्थ बसत. त्यांनी मला कॅम्पग्राउंडचा नकाशा वाचायला शिकवलं. आधी संडास-बाथरूमची इमारत कुठे आहे ते शोध, म्हणाले, आणि तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. तिथले दिवे विझत नाहीत आणि दार सारखं आपटतं. सखल जागा घेऊ नकोस. जवळून रेल्वे जात नाही ना ते बघ. मी सगळं लिहून घेतलं आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. अभ्यास करूनच मी गावातून इथवर आलो होतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट नीट अभ्यास केला की जमते, अशी माझी समजूत होती.

बहुतेक ठिकाणी दोन भाग होते. एका भागात आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, उभी करायची. तिथे डांबरी चौथरा, वीज, पाण्याचा नळ. दुसरा भाग तंबूंचा. तो लांब, पाइनच्या झाडीत, लेक मिशिगनकडे उतरणाऱ्या वाळूवर असायचा. तिथे पाण्याला एक हातपंप. मी पहिल्या दिवशीच आरव्ही ठरवून टाकली, आणि जागा शोधली ती बाथरूमला अगदी लागून. बायकोला कारण सांगितलं, अण्णांचे गुडघे. ते खोटं नव्हतं.

एका रविवारी सकाळी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून बायकोने गावी फोन लावला. स्पीकर चालू होता. मी तिथेच तक्ता उघडून बसलो होतो.

"अण्णा, तुम्ही आलात की आम्ही तुम्हाला कॅम्पिंगला नेणार आहोत," ती म्हणाली. "शहराबाहेर, मोठ्या तळ्याच्या काठी राहायचं तीन दिवस. इथे सगळे जातात."

"रानात?"

"रानातच म्हणा ना. झाडं, पाणी, चूल पेटवायची."

पलीकडे नुसती खरखर ऐकू आली. मग अण्णांनी विचारलं, "तिथं पाल असंल का?"

बायको खळखळून हसली. ती पुण्याची. "नाही हो अण्णा! एकही पाल नाही. इथल्या थंडीत पाल टिकणार कुठे! मी तीन वर्षं इथे राहतेय ना. अगदी निवांत झोपा तुम्ही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही. प्रॉमिस!"

"बरं," अण्णा म्हणाले.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "यार, अण्णा पालीला घाबरतात? तू कधी बोलला नाहीस."

"घाबरतात थोडे," मी म्हणालो, आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं.

अण्णा भिंतीवरच्या पालीबद्दल विचारत नव्हते. आमच्या भागात पाल म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचा तंबू. पोती, जुनी धोतरं, डांबराचे डाग पडलेली ताडपत्री, जे मिळेल ते जोडून शिवलेला. अण्णा आणि आई आठ वर्षं एका कंत्राटदाराकडे खडी फोडायला आणि डांबर टाकायला होते. रस्ता जसा पुढे सरके तसं पाल पुढे सरके. माझा जन्म पालातला. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा अण्णांना बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून घेतलं. रस्त्याच्या ठरावीक तुकड्याची देखभाल करायची, अशी ती कायमची नोकरी. तालुक्याला एक खोली मिळाली आणि मला शाळा मिळाली. अण्णांनी मला खांद्यावरून नेऊन हेडमास्तरांसमोर उभं केलं होतं. त्या दिवसाचे उपकार फिटणारे नाहीत.

पण तिसरीत असताना कुणीतरी वर्गात सांगितलं की हा पालातला आहे. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा. चुक् चुक् चुक्. भिंतीवरची पाल चुकचुकते तसा. तो आवाज सातवीपर्यंत माझ्यामागे होता. त्यानंतर पालाबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला असताना वडील पीडब्ल्यूडीत आहेत एवढंच सांगायचो. लग्न ठरलं तेव्हा बायकोलाही तेच सांगितलं. समोरचा माणूस त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेई, आणि मी तो घेऊ देई.

त्या रविवारी फोनवर मला तिची चूक तिथल्या तिथे कळली होती. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

अण्णा आले. त्यांच्या एका बॅगेत जवळजवळ काहीच नव्हतं, फक्त एक वाकळ होती. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, कडांना विरलेली. बायको म्हणाली, "अण्णा, एवढं ओझं कशाला आणलंत? घरात तीन कम्फर्टर आहेत."

"असू द्या सूनबाई. तिथं लागंल म्हणून घेतली."

'तिथं' म्हणजे कुठे, हे तिने विचारलं नाही. घरी त्यांनी वाकळ बॅगेबाहेर काढलीच नाही.

जुलैत भाड्याची आरव्ही घेऊन आम्ही निघालो. एवढी लांब गाडी मी कधी चालवली नव्हती. प्रत्येक वळणावर मी ती अगदी हळू करत होतो. अण्णा शेजारच्या सीटवर ताठ बसले होते. मागे वळून स्वयंपाकाचा ओटा, पलंग, फ्रीज बघत म्हणाले, "आरं, आख्खं घरच घेऊन चाललास व्हय?"

"हो अण्णा. तुम्हाला त्रास नको."

"मग घर सोडून निघालो कशाला?"

बायको मागून हसली. मीही हसलो.

आमची जागा तक्त्यात होती तशीच निघाली. सपाट, डांबरी, बाथरूमपासून तीस पावलांवर. शेजारच्या आरव्हीवर डिशचा अँटेना होता आणि कुणाचा तरी जनरेटर घरघरत होता. मी वीज जोडली, पाणी जोडलं, एसी लावला. अण्णा खाली उतरले, बुटाच्या टोकाने डांबर दाबून बघितलं आणि म्हणाले, "काम चांगलं केलंय." मग हात मागे बांधून झाडीकडे चालत गेले.

तासभर झाला तरी परत आले नाहीत म्हणून मी शोधायला गेलो. तंबूंच्या भागात एक तरुण जोडपं, दोन लहान मुलं, आणि अण्णा. त्या जोडप्याचा तंबू वाऱ्याने सारखा एका बाजूला पडत होता. अण्णांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी त्या माणसाच्या हातातून हातोडी घेतली होती आणि ते खुंट्या पुन्हा मारत होते, तंबूकडून बाहेर कललेल्या, तिरक्या. वाळू भुसभुशीत होती तिथे खुंटीच्या डोक्यावर दगड ठेवत होते. दोरीला बोटाने टिचकी मारून ताण बघत होते. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. मुलं त्यांच्या मागे मागे फिरत होती.

मी झाडाआड थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पश्चिमेकडे ढग आले होते. अण्णांनी वर बघितलं, एक जाड काटकी उचलली आणि उकिडवे बसून तंबूभोवती चर खणायला लागले. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून खणतात तसा. तेवढ्यात पार्कची गाडी आली. रेंजर बाई खाली उतरल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या की इथे जमीन खणायला परवानगी नाही. त्या तरुणाने हसून त्यांची माफी मागितली, ते आम्हाला मदत करत होते म्हणाला. एवढंच झालं. मी मात्र पळत पुढे गेलो.

"अण्णा, उठा आधी! इथं असलं चालत नाही. काय हे लोकांसमोर!"

अण्णा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. बायको चहाचा थर्मास घेऊन आमच्यामागे येऊन पोचली होती. तिने तंबूकडे बघितलं. "अण्णा, हे तुम्ही उभं केलंत? कसं काय येतं तुम्हाला?"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. "खात्यात ट्रेनिंग असतं. पूर वगैरे आला तर."

अण्णा हाताची वाळू झटकत होते. झटकून झाल्यावरही थोडा वेळ झटकत राहिले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "व्हय सूनबाई. ट्रेनिंग हुतं आमाला."

पाऊस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेली होती आणि आम्ही दोघं पाण्याकाठच्या बाकावर चहा घेत होतो. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"तिला ठावं न्हाई न्हवं?" अण्णांनी विचारलं.

मी थर्मासमधून त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"असू दे. मला आपलं वाटलं हुतं, तू पालात न्यायला बोलावतुयस. म्हणून वाकळ घेतली. फोनवर सूनबाई बोलली एकबी पाल न्हाई, तरीबी घेतली. म्हनलं, तिला काय ठावं असणार. ह्याला ठावं हाय."

माझ्या मागे, झाडीत, तंबूंच्या दोन जागा रिकाम्या होत्या. येतानाच मी पाहिल्या होत्या. फाटकाजवळच्या दुकानात तंबू भाड्याने मिळत होते, तेही तक्त्यात होतं. बायको यायला अजून पंधरा मिनिटं होती.

"अण्णा, त्या दिवसांत काय होतं परत आठवावं असं?" मी म्हणालो. "तुमच्या हाताला डांबराचे फोड यायचे. त्या सगळ्यापासून लांब जायचं म्हणूनच तर मी शिकलो."

"तुझी आई हुती की," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, "आत एसी जास्त होतोय का? कमी करू?"

"न्हाई. बरा हाय."

उरलेले दोन दिवस ते आमच्याबरोबर फिरले, फोटो काढून घेतले, बायकोने शेकोटीवर भाजलेलं कणीस आवडीने खाल्लं. झाडीकडे पुन्हा गेले नाहीत. सप्टेंबरात परत गेले. वाकळ बॅगेतच होती.

त्यानंतर ते इथे आले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगायचे. २००८ च्या जानेवारीत त्यांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, अण्णा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. खोलीत न्यावं असं फार काही नव्हतं. मी वाकळ घेऊन आलो.

बायकोने ती उन्हात टाकली, मग सोफ्यावर पसरून हात फिरवत म्हणाली, "किती बारीक टाके आहेत. कुठे शिवली असेल आईंनी?"

तेव्हा मी सांगितलं. पाल म्हणजे काय ते सांगितलं, वर्गातला आवाज सांगितला, ट्रेनिंगबद्दलही सांगितलं. मला वाटत होतं ती विचारेल, लपवलंस का. तिने वाकळीची विरलेली कड सरळ केली.

"मी त्यांना दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "एकही पाल नाही म्हणून. वर प्रॉमिस केलं. आणि तू तिथेच बसला होतास."

"हो."

"आणि ते बरं म्हणाले."

एवढं बोलून ती आत गेली. त्यावर ती मला पुढे कधीच काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही त्याच ठिकाणी गेलो. या वेळी तक्ता केला नाही. तंबूंच्या भागातली, पंपापासूनही लांबची जागा घेतली. खुंट्या मी तिरक्या मारल्या. दोन निघाल्या, पुन्हा मारल्या. आत वाकळ अंथरली. ऊन कापडातून आत येत होतं आणि सगळं पिवळसर दिसत होतं. बायको वाकळीवर बसली आणि चौफेर बघत विचारू लागली. अण्णा पालाचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचे? चूल आत असायची की बाहेर? पाऊस लागला की आई तुला कुठे निजवायच्या?

मला काहीच सांगता येईना. मला आठवतं ते फक्त कापडावरचं ऊन आणि डांबराचा वास. ज्यांना हे सगळं माहीत होतं, ते तेव्हा तीन दिवस इथून दोनशे पावलांवरच्या आरव्हीत माझ्यासमोर बसले होते, आणि मी त्यांना एसी जास्त होतोय का, एवढंच विचारत होतो.