ग्लासभर गप्प

माझ्या काकांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तो थांबवणारी वस्तू घरात एकच होती, आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळायची. इसबगोल.

काकांचं कटिंगचं दुकान. खाली दुकान, वर घर, मधे एक करकरणारा लाकडी जिना. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, पावडरचा वास आणि काका. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं की ते काकांच्या ताब्यात. कानापाशी कात्री चालू असताना माणूस पळणार कुठे? पावसापासून पोटापर्यंत सगळे विषय ऐकून, मान झटकून, बिचारा सुटायचा. आणि पुन्हा यायचाही, कारण काका केस झकास कापायचे.

असं दिवसभर उभं राहायचं, चहावर चहा ढोसायचा, पाणी आठवलं तर प्यायचं, आणि ताटातली भाजी अलगद कडेला सारायची. व्हायचं ते झालं. सकाळी काका एकदा आत गेले की बाहेर आम्हा सगळ्यांची पंचाईत व्हायची. शेवटी काकूने त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलं, भाज्या खायला सांगितल्या आणि रोज रात्रीच्या जेवणानंतर इसबगोल घ्यायला सांगितलं.

इसबगोल म्हणजे एका बारीकशा बीची वरची साल. फिकट, हलकी, फुंकर मारली तर उडेल अशी. चव म्हणाल तर शून्य. पण पाण्यात पडली की फुगत जाते, आणि तशीच ठेवली तर ग्लासात चमचा उभा राहतो. पहिल्या दिवशी काकांनी ती पाण्यात ढवळली आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला बसले. सांगून होईपर्यंत ग्लासात खळ तयार.

"पतंग चिकटवायला देऊ का कुणाला?" काकूने विचारलं.

काकू तशी कमी बोलायची. मुखदुर्बळ मुळीच नव्हती, फक्त काकांच्या शेजारी राहून तिला फट सापडायची नाही. ती वाक्य सुरू करायची आणि काका ते संपवायचे, बहुतेक वेळा चुकीचं. ती मान हलवून कामाला लागायची.

त्या खळीनंतर मात्र काकूने कारभार हातात घेतला. जेवणं आटोपली की ती पाण्यात इसबगोलचा भुसा ढवळायची, ग्लास काकांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आधी प्या, मग बोला." काका डोळे मिटून गटागट प्यायचे, कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करायचे, आणि बोलायला ओठ उघडणार तोच दुसरा ग्लास पुढे. नुसतं पाणी. "हे वर. सावकाश. सगळं नीट खाली जाऊ दे."

आणि काका पाणी पीत असताना काकू बोलायची.

हा दुसरा ग्लास डॉक्टरांनी सांगितला होता की काकूने, हे मला अजून कळलेलं नाही. भुशावर भरपूर पाणी हवं हे खरंच आहे, नाहीतर तो घशात किंवा पोटात ठाण मांडतो. पण ग्लासाचा आकार विषयाप्रमाणे बदलायचा, हे डॉक्टरांचं काम नव्हे. दुकानाला रंग काढायचा असेल तर साधा ग्लास. ताईला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, दुसऱ्या शहरात मोटारदुरुस्ती शिकायला जायचं होतं, त्या दिवशी पाहुण्यांसाठीचा तो उंच काचेचा ग्लास कपाटातून निघाला. काठोकाठ भरलेला. काका पीत होते आणि काकू एकेक मुद्दा मांडत होती. ग्लास रिकामा झाला तेव्हा काकांकडे बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ताई गेली, शिकली, आज तिचं स्वतःचं गॅरेज आहे.

माझा निकालही तसाच लागला. मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे तात्पुरती आले होते. एके दिवशी उंच ग्लास भरून काकू काकांना म्हणाली, "ही आता इथेच राहील. मागची खोली पडूनच आहे. आणि तिला परकं वाटेल असं कुणी काही बोलायचं नाही." मी दारात उभी होते. काकांनी ग्लासामागून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, इतकंच. त्या ग्लासावर माझा फार जीव आहे.

काकांना गुण आला आणि दुकानात प्रचार सुरू झाला. कुणाचं पोट साफ नाही, इसबगोल घ्या. कुणाचं जरा जास्तच साफ होतंय, तरी इसबगोल घ्या. "दोन्ही बाजूंना समजावतं ते, शहाण्या मध्यस्थासारखं!" पण कोरडं गिळायचं नाही, ढवळलं की लगेच प्यायचं, बाकीच्या गोळ्या आणि हे यात वेळ जाऊ द्यायचा, हे सगळं ते बजावून सांगायचे. एका गिऱ्हाइकाने रक्त पडतं म्हणून सांगितलं तेव्हा काकांची कात्री थांबली. "हे भुशाचं काम नाही. उद्या सकाळी डॉक्टर गाठायचा." पुढच्या वेळी तो माणूस आला तर आधी विचारलं, "जाऊन आलात?" मगच कापड बांधलं.

असा माणूस दिवसभर लोकांच्या माना बघायचा, आणि घरातली मान राहून गेली. ते काकूनेच सांगितलं. दुसरा ग्लास हातात देऊन म्हणाली, "गळ्यापाशी गाठ लागतेय हाताला. बरेच दिवस." काकांना असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं. मी पाठ थोपटत होते आणि ते खोकत खोकतच चपला शोधत होते, डॉक्टरांकडे जायला.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आमचा जीव भांड्यात पडला. पण काकूने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा आवाजाच्या जागी नुसती हवा आली. आवाजाची नस दुखावली आहे, डॉक्टर म्हणाले. बहुतेकांचा आवाज परत येतो, वेळ लागतो, पण यांनी बोलत राहायला हवं. न बोलून चालणार नाही.

आणि काकू बोलेना.

घरी आल्यावर तिने पहिल्या दिवशी एकदा प्रयत्न केला. आलेला घोगरा, फाटका सूर तिचा तिलाच ऐकवेना. तिने तोंडावर पदर धरला आणि मग खुणांवर आली. चहा हवा का, तर बोट. दार लाव, तर मान. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामही तिने बाजूला ठेवले. मी चिडले, रडले, विनवण्या केल्या. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि भाजी निवडायला घ्यायची. हे असंच चालू राहिलं तर तिचा आवाज कायमचा जाईल, याची मला धडकी भरली होती.

आणि काका? काका दोघांचं बोलू लागले. काकूने भुवई उचलली की, "काय गं, दुखतंय? नाही? मग भूक लागली. लागलीच असणार." ती नाही म्हणून हात हलवायची, तोवर ताट पुढे. वाईट याचं वाटायचं की हे सगळं ते मायेने करत होते. घाबरले होते हो, पार घाबरले होते. घरात शांतता झाली तर काहीतरी होईल असं त्यांना वाटत असावं. इसबगोल ते आता खाली दुकानातच उभ्याने उरकायचे, तिला त्रास नको म्हणून. दुसरा ग्लास तर बंदच झाला होता.

ताईचा फोन आला की फोनही काकांकडेच. "आई मजेत आहे. आई म्हणतेय, जेवत जा वेळेवर."

एका दुपारी ताई फोनवर म्हणाली, "बाबा, आई असं म्हणतच नाहीये. तुम्ही म्हणताय. मला तिचा श्वास ऐकू आला तरी चालेल, पण फोन तिच्याकडे द्या."

काकांनी फोन दिला. काकूने तो कानाला लावला, ऐकलं, डोळे पुसले, आणि एक अक्षर न बोलता परत केला.

त्या दिवशी दुकानात काका बोलले नाहीत. गिऱ्हाइकं धास्तावली. एकाने वर येऊन मला विचारलं, काकांचं काही बिनसलंय का, कान सलामत राहील ना म्हणून. मी खाली गेले तर काका कंगवे धूत होते.

"ती बोलायची कधी गं?" त्यांनी विचारलं. "आठवून बघतोय. इतक्या वर्षांत बोलायची कधी?"

"तुमच्या तोंडाला ग्लास लागला की," मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

काकांनी कंगवा आणखी एकदा धुतला. तो आधीच स्वच्छ होता.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी इसबगोलचं खोकं वर आणलं. ग्लासात पाणी घेतलं, भुसा टाकला, ढवळला, आणि काकूच्या समोर बसले. ग्लास हातात, पण तोंडाला लावला नाही. "आधी प्या" हे तिने म्हणायचं असतं. ते त्याची वाट बघत होते.

काकूने बोटाने खूण केली, प्या. काका हलले नाहीत. तिने भुवया आवळल्या. तरी नाही. मी ओट्यापाशी उभी होते, माझ्या जिभेवर शब्द आला होता, तो मी गिळला. काकांचे ओठ नुसते थरथरत होते. त्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं ते मला माहीत आहे, सख्खी पुतणी आहे मी त्यांची. ग्लासातलं पाणी दाट होत गेलं, मग चमचा जागच्या जागी उभा राहिला.

काकू त्या चमच्याकडे बघत होती. मग काकांकडे. मग पुन्हा चमच्याकडे.

"अहो." बिजागरी करकरल्यासारखा आवाज आला. "घट्ट झालं ते. नका पिऊ आता, घशात बसेल."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, सुटला पट्टा. पण त्यांनी ते तसंच मिटलं आणि मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

काकू उठली. खळ फेकली, ग्लास विसळला, ताजं पाणी घेऊन भुसा ढवळला आणि त्यांच्या हातात दिला. "आधी प्या," ती म्हणाली. अर्धा शब्द फाटला, तरी ती थांबली नाही. "मग... मग पण बोलू नका."

काका गटागट प्यायले.

मग काकूने कपाट उघडलं, पाहुण्यांसाठीचा तो उंच ग्लास काढला, पदराने पुसला, काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला.