टक् वाजतंय, ते काय?

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते गाड्यांच्या कुलपांचे मास्तर. दार लागत नाही, काच खाली येत नाही, डिकी अडकली, की लोक म्हणायचे, टकमास्तरांकडे जा. मास्तर कुणाला तरी बटण दाबायला सांगायचे, स्वतः पत्र्याला उजवा कान लावायचे आणि डोळे मिटायचे. आत टक् झालं, तर करंट पोचतोय, खोड खटक्यात आहे. टक् झालं नाही, तर वायर तुटली आहे. एवढ्या भांडवलावर दुकान पस्तीस वर्षं चाललं. वायरमधला करंट दाखवणारा टेस्ट लॅम्प त्यांनी कधी विकत घेतला नाही. "ज्यांना कान नाहीत त्यांनी दिवे लावावेत," असं म्हणून स्वतःच हसायचे.

दोन वर्षांपूर्वी तो टक् विरायला लागला. माणसांचं बोलणं अजून कळायचं, तोंडाकडे बघितलं की जरा जास्त कळायचं. पण पत्र्याआडचा बारीक आवाज गेला तो गेलाच. हे गावभर झालं असतं तर दुकानाकडे कोण फिरकलं असतं? आणि दुकान नाही तर मास्तर कोण? म्हणून त्यांनी या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नाही. अंदाजावर काम रेटायचे. अंदाज चुकला की गाडीला शिव्या घालायचे. गाडी बिचारी ऐकून घ्यायची.

त्या दिवशी सकाळी नऊला ती लाल गाडी आली. दोन दारांची, जमिनीला घासून चालणारी, तीस वर्षांपूर्वी तरण्या पोरांनी मिरवायची. चालवत होते कोर्टातले निवृत्त कारकून, आणि शेजारी त्यांची बायको. काकूंच्या पायांत वर्षभर जोर नव्हता. त्यांची घडीची चाकाची खुर्ची मागच्या काचेच्या झाकणाखाली, आणि झाकण उघडेना. किल्लीचं भोक गंजून बुजलेलं. आतून हात घालावा, तर कारकूनसाहेबांनी हौसेने सीटमागे पत्रा ठोकून घेतलेला.

"खुर्चीशिवाय हिला उतरवता येत नाही हो," कारकून म्हणाले. "मला पाठीचं दुखणं. उचलायला गेलो तर दोघं आडवे होऊ."

"दहा मिनिटांचं काम," मास्तर म्हणाले.

कारकुनांनी सीटशेजारचं बटण दाबलं. मास्तरांनी कान लावला, डोळे मिटले. काही नाही. दुसऱ्यांदा दाबायला लावलं. काहीच नाही.

"वायर तुटली आहे," मास्तरांनी ठणकावून सांगितलं.

मग त्यांनी छताचं कापड उसवायला घेतलं. बिजागरीजवळच्या रबरी नळीतून वायर जाते, तिथे ती हमखास तुटते. नळी कापली. वायर धडधाकट. दाराच्या पायथ्याची पट्टी उचकटली, गालिचा उलटा केला. वायर धडधाकट. दहा वाजले, साडेदहा वाजले. काकू पुढच्या सीटवर बसून होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मास्तरीणबाई गल्ल्यावरून उठून त्यांना दोनदा पाणी विचारून आल्या. दुसऱ्यांदा काकूंनी त्यांचा हात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाणी नको गं बाई. मला आता उतरायलाच हवं. कळतंय ना तुला?"

मास्तरीणबाई नवऱ्याकडे आल्या. "अहो, लवकर करा. त्यांना आत जायचंय."

"करतोय ना! का खेळतोय इथे?"

मास्तरांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. वायर चांगली, फ्यूज चांगला, मग टक् का नाही? आणि त्याच क्षणी त्यांना समजलं, की टक् कदाचित आहे. पण विचारायचं कुणाला आणि कसं? टकमास्तरांनी गिऱ्हाइकाला विचारायचं, आवाज येतोय का? त्यापेक्षा त्यांनी दुसऱ्या बाजूचं कापडही उसवलं. चांगली शिवण होती ती. आपण खोटं काम करतोय हे माहीत असून हात चालवत राहणं, असलं पाप त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. रडू येईल असं वाटलं.

पावणेबारा वाजले. कारकून पुन्हा बटण दाबून बघत होते.

"मास्तर," काकू आतून म्हणाल्या. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून शब्द न् शब्द कळला. "दर वेळी मागे ते टक् वाजतंय, ते काय?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यापलीकडे रंगारी एका दाराला पॉलिशपेपर मारत होता, त्याचा हातही थांबल्यासारखा वाटला. मास्तर मागे गेले, काचेच्या झाकणाच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवले, अंगाचा सगळा भार टाकला आणि ओरडले, "दाबा!"

खटका सुटला. झाकण हाताखालून वर आलं. जुनं रबर कडक होऊन झाकण वर रेटत होतं, त्या ताणाने आकडा अडकला होता. वरून दाब दिला की सुटणार. नऊ वाजून एका मिनिटाने सुटलं असतं.

"वा, मास्तर! मानलं!" कारकून म्हणाले. मास्तरांनी खाली बघितलं. काकूंना खुर्चीत बसवून मास्तरीणबाईंनी घाईघाईने दुकानामागे नेलं. मास्तर लोंबणाऱ्या छताखाली वाकून सुया शोधत बसले.

दोघी परत आल्या, तेव्हा काकूंचा चेहरा मोकळा झाला होता. "जाण्यापूर्वी एकदा लावून बघा," त्या म्हणाल्या. "रस्त्यात पुन्हा अडकायला नको."

मास्तरांनी झाकण लावलं. गाडीत हात घालून बटण दाबलं. वरून भार नव्हता, म्हणून झाकण हललं नाही; त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बायकोने होकारार्थी मान हलवली. पुन्हा दाबलं. पुन्हा मान हलली, लगेच, बरोबर त्या क्षणाला. मास्तर बघत राहिले. हिने विचारलंसुद्धा नाही, मान कशासाठी हलवायची ते. म्हणजे हिला माहीत आहे. गिऱ्हाईक काय म्हणालं ते जेवताना पुन्हा सांगते, सारखी समोर येऊन उभी राहते, आणि आपल्याला वाटायचं, म्हातारपणी बाई चिकटून राहायला लागली.

त्यांना ते ओझं आणखी ओढवेना. ते तिच्या कानाशी वाकले आणि गुपित सांगावं तसं म्हणाले, "मला तो आवाज येत नाही गं. दोन वर्षं झाली. पत्र्याआडचं काहीच ऐकू येत नाही."

कारकून गाडीच्या टायरकडे बघायला लागले. काकूंनी पर्सची चेन उघडली, बंद केली. रस्त्यापलीकडे रंगाऱ्याने मान वर केली, आणि पाठ फिरवून गुळगुळीत झालेलं दार पुन्हा घासायला घेतलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीशी आलं होतं, ते मागे सरकलं.

मास्तरांनी बायकोची बाही धरली.

"हळूच बोललो ना मी?" त्यांनी विचारलं, तेही तेवढ्याच मोठ्याने. "कुणी ऐकलं नाही ना?"

मास्तरीणबाईंनी मान हलवली. त्यांना नीट दिसावी म्हणून सावकाश, डावीकडून उजवीकडे. नाही. कुणीच नाही.