मोहरीएवढ्या कोळ्यासाठी तामलवाडी

तामलवाडीच्या मातीत राहणाऱ्या मोहरीएवढ्या कोळ्याची मादी माझ्या हाती लागली होती. जात नवी होती, याबद्दल मला शंका नव्हती. पण सोलापूरच्या आमच्या कॉलेजातले सर हटून बसले, "नर आणा, मगच वर्णन छापायला धाडू." झालं! निघालो मादीला नवरा शोधायला.

जाणाऱ्यांनी सकाळची सर्व्हिस मोटार धरावी; दुपारच्या मोटारीत माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. इंग्रजी कलदार रुपये इथंच बदलून निजामाचे हाली रुपये घ्यावेत, पलीकडं त्याचं राज्य. आणि स्पिरिटची बाटली उघड्यावर नेऊ नये. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरच्या शिपायानं माझ्या बाटलीचं बूच काढून वास घेतला.

"ये क्या है?"

"स्पिरिट. कोळी बुडवायला."

"मकडी को शराब? हमकू येडा समझे क्या?"

बाटली जप्त!

उतरलो वडिलांचे स्नेही शिवलिंगप्पांकडे. अडतीचा धंदा, गळ्यात लिंग, दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे. काकूंनी भाकरी, दही आणि कानातून धूर काढणारी शेंगाची चटणी वाढली. मग त्यांचीच चाळण घेऊन बाभळीखालची माती धोतरावर चाळत बसलो.

"चाळण आता तुमच्याकडंच ठिवा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नर सापडला! तोंडापाशी दोन फुगीर मुठी, म्हणजे वयात आलेला. मी अक्षरशः नाचलो. मग आठवलं, बुडवायचा कशात? एवढासा जीव वाळला की चुरा. रडकुंडीला आलो.

"दारू चालंल का?" अप्पांनी विचारलं.

"कडक असेल तर."

"मग बसा. पाव्हण्याला गुत्त्यावर धाडलं तर माझी अब्रू जाईल."

"आणि तुम्ही गेलात तर?"

"तवाबी जाईल. पर ती माझ्या हातानं."

भर बाजारातून ते पहिल्या धारेची घेऊन आले. पारावरून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, तुमीबी?"

"कोळ्यासाठी हाय!"

सगळा पार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना नर दारूत बुडवलेली काचेची नळी भाकरीच्या चवडीत लपवली आणि नाकं पार केलं. सरांनी नर पाहिला, वर्णन छापायला गेलं. कोळ्याला मी अप्पांचं नाव दिलं; त्यांचं ऋण दुसरं कशानं फेडणार? पुढं ते बाजाराला सोलापूरला आले, तेव्हा भिंगाखाली दाखवला.

"ह्यो माझ्या नावाचा?" त्यांचे डोळे भरून आले. बराच वेळ ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता तरी ह्याला दारूतनं भाईर काढा की."

"स्पिरिट आहे ते, अप्पा, पण एकूण एकच. बाहेर काढला तर टिकायचा नाही."

"म्हंजे अप्पा दारूत बुडाला असं गाव म्हनत हुतं, ते तुमी छापून खरं केलं!"