उंबऱ्यावर बसलेल्या विमलताई

विमलताईंची आणि माझी पहिली भेट नाशिक रोडच्या बालवाडीत झाली. मी नुकतीच शिकून आले होते, त्या मुख्याध्यापिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोपऱ्यात बसवले आणि एका मुलीकडे अर्धा तास पाहून नोंद करायला सांगितले. मी लिहिले, 'मुलगी हट्टी आहे.' ताईंनी ते खोडले.

"हट्ट डोळ्यांना दिसत नाही. काय दिसलं ते लिहा," एवढेच म्हणाल्या.

मला तेव्हा राग आला होता, हे आज त्यांच्या पंच्याहत्तरीला कबूल करते.

त्याच वर्षी हिरा आमच्या वर्गात आली. चार वर्षांची. आईवडील सुरगाण्याकडचे, जवळच्या बांधकामावर मजुरीला आलेले. हिरा चावायची. महिन्याभरात पाच मुलांच्या हातांवर दात उमटले आणि ही मुलगी वर्गात नको, असा पालकांचा सह्यांचा अर्ज आला. संस्थेच्या चिटणीसांनी ताईंपुढे कागद ठेवला : 'स्वभाव आक्रमक, शाळेस अयोग्य.' खाली फक्त ताईंची सही हवी होती. ताईंनी पंधरा दिवस मागून घेतले.

त्या दिवसांत आम्ही दोघींनी आळीपाळीने हिराच्या नोंदी केल्या. ती कधी चावली, कुठे बसली होती, त्याआधी काय घडले. मला त्यातून काही उमगेना. ताईंनी सगळे कागद जमिनीवर पसरले आणि सावकाश वाचत गेल्या. प्रत्येक चावा सेविकेने दाराला कडी लावल्यानंतरचा होता. आणि चावा बसलेले प्रत्येक मूल हिराच्या आणि दाराच्या मध्ये बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी ताई बांधकामावर गेल्या. हिराच्या आईने मान खाली घालून सांगितले, "इथं लय खड्डे हायेत, बाई. शाळंत घालायच्या आधी तिला पत्र्याच्या खोलीत कोंडून कामाला जायची मी."

ताईंनी तिला दोष दिला नाही. उलट मुकादमाच्या मागे लागून तिथल्या लहानग्यांसाठी आडोशाची जागा करून घेतली. हे ताईंनी कधी सांगितले नाही. हिराच्या आईकडून मला पुष्कळ उशिरा कळले.

पालकांच्या बैठकीत ताईंनी नोंदी मोठ्याने वाचल्या आणि उद्यापासून दार उघडे राहील, असे सांगितले. मुले रस्त्यावर गेली तर जबाबदार कोण, असे चिटणीसांनी विचारले.

"मी. उंबऱ्यावर मी बसेन," ताई म्हणाल्या. "या कागदावर सही मात्र करणार नाही. कुणाला काढायचंच असेल तर आधी मला काढा."

त्या आठवड्यात दोन पालकांनी आपापल्या मुलांची नावे काढून घेतली. ताई हलल्या नाहीत. पाट टाकून त्या उंबऱ्यावर बसू लागल्या. कार्यालयाचे कामही तिथूनच. हिरा सुरुवातीला दिवसातून दहादा दारापर्यंत जाई, बाहेर पाही आणि परत येई. नंतर ती एकदाच चावली. दिवाळीनंतर तिचे दाराकडे लक्षही जाईना. पुढच्या जूनमध्ये ती पहिलीत गेली आणि त्याच जूनमध्ये ताईंचे मुख्याध्यापिकापद काढून घेण्यात आले. उरलेली सगळी नोकरी त्यांनी साधी शिक्षिका म्हणून केली. मी एकदा भीतभीतच विचारले, सही केली असती तर? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आजही त्या अंगणवाडी सेविकांना शिकवायला जातात. मध्यंतरी एका शाळेत त्यांना मोबाइलवरचे ॲप दाखवले गेले : मुलाच्या नावापुढे हसरा किंवा रडका चेहरा दाबला, की झाली नोंद. ताईंनी मोबाइल परत दिला आणि यात मूल कुठे आहे, असे विचारले. सगळे अवघडले. मला मात्र फार बरे वाटले. काही माणसांनी वयाबरोबर निवळू नये.

ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी कुणीतरी 'शांत सेवाव्रती' असे नाव सुचवले होते. मी कडाडून विरोध केला. ताईंना शांत म्हणणाऱ्यांनी त्यांना त्या बैठकीत पाहिलेले नाही.

ताई, गुडघ्यांची औषधे वेळेवर घ्या, धडधाकट राहा, शंभरी गाठा. लहान मुलांवर शिक्के मारणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांना तुमची अडचण आणखी खूप वर्षे होत राहो.