गुलालाआडचा माणूस
गुलालाचा वास आला की खर्ड्याकडच्या माळावरची ती बैलगाडा शर्यत आठवते. गाडा सुटला की लोक गुलाल उधळायचे आणि कॅमेऱ्याचा फोकस बैल सोडून गुलालावर जाऊन बसायचा. वैतागून मी ऑटोफोकसचं असं सेटिंग केलं होतं, की मध्ये काहीही आडवं आलं तरी त्यानं बैल सोडायचा नाही. त्या दुपारी शर्यत संपते तिथे जोडी बिथरली आणि गर्दीत घुसली. ‘सरका, मारतंय!’ कुणीतरी ओरडलं. बैल धरायला एक माणूस माझ्यासमोरून आडवा धावला. शिंग त्याच्या पोटात शिरलं, चाक छातीवरून गेलं, बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि माझं बोट बटणावरून उठलं नाही. महिन्याभराने त्याची बायको सावेडीत माझ्या स्टुडिओत आली. ‘त्यांचा शेवटचा फोटू तुमच्याकडं हाय म्हनत्यात.’ मी दाखवला. बैलाच्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता. त्याच्या पुढ्यातल्या पांढरट, पुसट डागावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘ह्ये आमचं मानूस व्हय?’ मी मान हलवली. ‘तवा तुमी लई लांब हुता का?’ ‘हो,’ मी म्हणालो. मी पाच पावलांवर होतो.