आमच्यात नाय हां तसलं

"आमच्यात नाय हां तसलं!" असं म्हणताना काका उजवा हात झटकायचे, जणू बाहीवर माशी बसली आहे.

मुलुंडला आमच्या शेजारच्या दारात ते राहायचे. मूळचे मालवणकडचे. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये सारं आयुष्य लेथ मशीनवर उभं राहून काढलेलं. कुणाला शुगर निघाली, कुणाचा मुलगा बारावीला आपटला, कुणाला टक्कल पडलं, की काकांचा हात झटकलाच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी सारखे शिंकत होते, तर त्यांनाही हेच ऐकवलं. तुमच्याही इमारतीत असा कुणी असेल. आपण हसतो आणि सोडून देतो.

त्यांची मुलगी सायली माझी मैत्रीण. बत्तिसाव्या वर्षी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. हात त्या दिवशीही झटकला गेला.

"आमच्यात नाय तसलं. हिच्या माहेरचं आहे हे."

हिच्या म्हणजे काकूंच्या. काकूंच्या घाटकोपरच्या मावशीला सत्तरीत हाच कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग रोज एक गोळी, आणि मावशी अजून ठणठणीत, स्वतःची भाजी स्वतः आणणारी. काकांना एवढा पुरावा पुरला. त्यांनी मावशीला फोन करून सांगितलं, सध्या आमच्याकडे येऊ नका. काकू शेजारीच कोथिंबीर निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. मावशीचं येणं बंद झालं.

दवाखान्यात मी सायलीसोबत जायचे. एकदा काकाही बरोबर होते, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मलाही मावशीआजीसारखी गोळीच द्या ना."

बाईंनी मान हलवली. "नाव एक असलं तरी आजार एक नाही गं. आजींचा कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा होता, म्हणून गोळीने तो अडला. तुझ्या गाठीत त्या गोळीला धरायला जागाच नाही. ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात याला. तरुण वयात हा प्रकार निघाला की आम्ही जनुकांची तपासणी करतो. कधीकधी त्यातला बिघाड आईकडून आलेला असतो, कधी वडलांकडून."

काका हसले. "वडलांकडून? डॉक्टर, हा बायकांचा आजार."

"पुरुष आजारी न पडताही तो बिघाड मुलीला देऊ शकतो, काका. तुमच्या बाजूला कुणाला होता? बहीण, आत्या?"

हात झटकला गेला.

सायलीच्या रक्तात तो बिघाड सापडला. मग आईवडलांचंही रक्त तपासलं. काकूंमध्ये काही नव्हतं. काकांमध्ये होतं.

हे ऐकल्यावर काकांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "थोरली ताई होती माझी. तिच्या छातीत गाठ होती. शेवटी शेवटी कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. ती गेली तेव्हा आई म्हणाली, तापाने गेली म्हणायचं. घरात अजून पोरींची लग्नं व्हायची होती. मी तेच म्हणत आलो."

"मला तरी सांगायचंत," काकू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सायलीने वडलांचा दंड धरला. "बाबा, तुम्ही काय मुद्दाम दिलंत का मला ते? पण आत्याचं ठाऊक असतं ना, तर गाठ हाताला लागल्यावर मी इतके महिने अंगावर काढले नसते."

ती रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी काका घाटकोपरला गेले. दारातच म्हणाले, "मावशी, माझं चुकलं." म्हातारी म्हणाली, "आधी चप्पल काढा नि आत या. पोर जेवते का नीट?" हे मला काकूंनी सांगितलं.

केमो झाले, ऑपरेशन झालं. दुसऱ्या वर्षी आजार फुफ्फुसात उतरला आणि सायली गेली.

त्यानंतर काका नातेवाइकांच्या घरी जायला लागले. भांडुप, अंधेरी, बोरिवली. "रक्त तपासून घ्या गं. माझ्यात आहे, तुमच्यातही असेल." कुणी चहा दिला, कुणी विषय बदलला. बोरिवलीला ताईची मुलगी राहते, तिच्याकडे मी सोबत होते. तिचा नवरा म्हणाला, "मामा, आमच्या मुलीला स्थळं बघतोय. हे इथे काढू नका."

आम्ही जिना उतरत होतो, तर भाची मागून धावत आली. "मामा, आई तापाने नाही गेली?"

काका पायरीवरच बसले. "नाय गं बाय."

तिने घरी न सांगता तपासणी केली. बिघाड तिच्यातही निघाला, पण गाठ नव्हती. आता ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे.

काकांचं ऐकणारी ती एकटीच. बाकीच्यांनी काकांना लग्नकार्याची आमंत्रणं देणं बंद केलं. "मुलींच्या बाबतीत नको ते बोलतात," असं म्हणायचे. काका आमच्याशीही फार बोलेनासे झाले.

गेल्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने ते गेले. तेराव्याला मात्र सगळी भावकी आली. पंगत बसली, वरणभात वाढून झाला. काकू पंगतीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यांनी घरोघर येऊन सांगितलं होतं. ते कुणी केलं?"

पुरुषांच्या माना पानात गेल्या. वाढायला उभ्या असलेल्या मुलींमधून काकूंच्या चुलत दिराची धाकटी लेक पुढे आली. बाप तिच्याकडे रोखून बघत होता. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"काकी, कुठे जायचं असतं त्यासाठी?"

हे ऐकायला काका हवे होते.